चित्रातला खडा लुकलुकतो तेव्हा

मिकलीन थॉमस या अमेरिकी चित्रकर्तीने केलेली कृष्णवर्णीय स्त्रियांची चित्रे मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्या अनेकांचा असा समज होतो की, ओठांवर, पापण्यांवर आणि केसांवर चिकटवलेले काचेचे खडे ही वरवरची सजावट आहे. हा समज दूर व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण खडा प्रकाशाचे जे करतो ते कोणत्याही रंगाला साधत नाही आणि ते छायाचित्रातही उतरत नाही.

विद्यार्थिदशेत महागडे तैलरंग परवडत नसल्याने थॉमस हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त साहित्याकडे वळल्या आणि पुढे राइनस्टोन, म्हणजे पैलू पाडलेले काचेचे खडे, हीच त्यांची ओळख ठरली. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या 1863 मधील प्रसिद्ध चित्रात गवतावर दोन सुटाबुटातले पुरुष आणि एक विवस्त्र स्त्री बसलेली आहे. थॉमस यांनी 2010 मध्ये तीच मांडणी घेऊन तेथे रंगीबेरंगी कपड्यांतल्या, थेट प्रेक्षकाकडे पाहणाऱ्या तीन कृष्णवर्णीय स्त्रिया बसवल्या. सुमारे 10 फूट उंच आणि 24 फूट रुंद असलेले हे चित्र लाकडी फलकावर अॅक्रिलिक, इनॅमल (चकचकीत रंग) आणि राइनस्टोन यांनी घडवलेले आहे.

रंगद्रव्याचे सूक्ष्म कण त्यांच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून रंगवलेला गाल डावीकडून पाहिला काय किंवा उजवीकडून, जवळपास सारखाच दिसतो. खड्याचा प्रत्येक पैलू मात्र एक चिमुकला सपाट आरसा असतो आणि तो प्रकाश एकाच ठरावीक दिशेला पाठवतो. तरीही नुसत्या काचेने फारसे काही साधले नसते. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 4 टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परततो आणि उरलेला आत शिरतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, सुमारे 1.5 आणि क्रांतिक कोन, म्हणजे ज्यापलीकडे किरण बाहेर पडूच शकत नाही तो कोन, सुमारे 42 अंश असल्याने, काचेच्या मागे हवा असती तर त्याहून तिरपे येणारे किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे सगळेच्या सगळे, मागे फिरले असते. पण चित्रावर खड्यामागे हवा नसते, गोंद असतो, आणि वाळलेल्या गोंदाचा अपवर्तनांकही 1.5 च्या आसपासच असतो. दोन माध्यमांचे अपवर्तनांक जुळले की त्यांच्यामधली सीमा प्रकाशाच्या दृष्टीने जणू उरतच नाही. किरण गोंद ओलांडून खालच्या रंगात शिरतो आणि खडा मंद पडतो. म्हणूनच राइनस्टोनच्या सपाट पाठीवर धातूचा पातळ थर दिलेला असतो. आत आलेला प्रकाश या थरावर आपटून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो आणि भलत्याच दिशेने निघतो. मला या साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, आणि तो प्रेक्षकाला कधी दिसत नाही.

आता आपण डोळ्याकडे वळू. समजा, 10 सेंटिमीटर रुंदीचा दिवा खड्यापासून 4 मीटरवर आहे आणि पाहणारी व्यक्ती खड्यापासून 2 मीटरवर उभी आहे. पैलूवरून परावर्तित झालेला झोत दिव्याच्या कोनीय रुंदीएवढाच, म्हणजे सुमारे 1.4 अंश, पसरतो आणि त्या व्यक्तीजवळ पोहोचेपर्यंत त्याची रुंदी जेमतेम 5 सेंटिमीटर होते. दोन बुबुळांमधले अंतर साधारण 6 सेंटिमीटर असते. म्हणजे एका क्षणी तो झोत एका डोळ्यात शिरतो तेव्हा दुसऱ्या डोळ्याला तोच पैलू काळसर दिसतो. दोन डोळ्यांकडून आलेल्या या परस्परविरोधी माहितीची मेंदू सरासरी काढत नाही. त्याला तेथे ‘झळाळी’ जाणवते. द्विनेत्री झळाळीचा हा परिणाम हाइनरिख डोव्हे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास नोंदवला होता. त्यात भर म्हणजे पैलू 1 अंशाने कलला की परावर्तित किरण 2 अंशांनी वळतो. हाताने चिकटवलेले खडे गोंदाच्या कमीजास्त जाडीमुळे थोडेथोडे कललेले असतात, त्यामुळे प्रेक्षक एक पाऊल सरकला की पापणीवरचे काही खडे विझतात आणि शेजारचे पेटतात.

हे खडे स्वतः ‘ऊर्जा सोडतात’ आणि मन किंवा शरीर बरे करतात, असे स्फटिकांचा व्यापार करणारे सांगतात. त्याला कसलाही आधार नाही. अंधाऱ्या खोलीत खडा काळाच असतो. तो फक्त आलेला प्रकाश वळवतो.

कॅमेऱ्याला एकच भिंग असते आणि तो एकच जागा टिपतो, म्हणून छायाचित्रात प्रत्येक खडा एक तर पांढरा ठिपका होतो, नाही तर करडा. विक मुनीझ या ब्राझिलियन कलाकाराने ही मर्यादाच आपलीशी केली. 2004 मध्ये त्यांनी हॉलिवूडची अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांचा चेहरा खऱ्या हिऱ्यांनी मांडला, पण अंतिम कलाकृती म्हणून त्याचे छायाचित्रच ठेवले. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 आणि क्रांतिक कोन अवघा 24 अंश असल्याने त्याला धातूच्या थराची गरज भासत नाही, तरी त्या छायाचित्रात त्याची चमक एका क्षणापुरती गोठलेली आहे.

म्हणून थॉमस यांच्या चित्रांसाठी दालनातली प्रकाशयोजना रंगांच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. संपूर्ण छत एकसारखे उजळलेले असेल तर परावर्तित झोत रुंद होतो, दोन्ही डोळ्यांना सारखाच प्रकाश मिळतो आणि लुकलुकणे जवळजवळ थांबते. लहान व तीव्र दिवे असतील तर तेच खडे पुन्हा पेटतात.