सोलापूर–मुंबई : ३६० किलोमीटर आणि एक चिमणी

सोलापूरहून मुंबई रेल्वेनं ४५५ किलोमीटर, रस्त्यानं चारशेच्या आसपास, आणि आकाशातून सरळ रेषेत सुमारे ३६०. यातलं शेवटचं अंतर बरीच वर्षं सोलापूरकरांच्या हाती टिकून राहिलंच नाही.

लोहमार्ग १८६० मध्ये इथं पोचला. बोरघाटातलं काम मात्र १८६३ मध्ये संपलं. पुढे रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, ही सवयच झाली. २०१० च्या सुमारास सोलापुरातल्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान काही काळ उडालं आणि बंद पडलं.

त्यानंतर विमानतळाजवळच्या सहकारी साखर कारखान्यानं सहवीजनिर्मितीसाठी, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज तयार करण्यासाठी, सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभारली. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या कोनात खाली येतं. म्हणजे धावपट्टी दोन किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम शंभर मीटरवर असतं. त्या वाटेवर ९० मीटरचा अडथळा चालत नाही, यात वाद नव्हता. वाद होता तो हलायचं कुणी, याचा. बांधकामाच्या परवानगीवरून नोटिसा निघाल्या, प्रकरण कोर्टात गेलं, उपोषणं झाली, ऊसउत्पादक सभासद रस्त्यावर आले. अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली.

विमानसेवेची मागणी रास्तच होती. पण ‘चिमणी की विमान’ अशी मांडणी झाली, ती मला आजही पटत नाही. ज्या गावानं गिरण्यांच्या चिमण्यांखाली पोट भरलं, तिथं एका चिमणीला विकासाचा शत्रू ठरवणं सभासदांच्या जिव्हारी लागलं. शिवाय शहराबाहेर बोरामणीला मोठ्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी आधीच घेतलेल्या होत्या. तो प्रकल्प वनजमिनीच्या मंजुरीत आणि माळढोक पक्ष्याच्या प्रश्नात अडकला. तो वेळेत उभा राहिला असता, तर ही चिमणी कुणाच्या वाटेत आलीच नसती. होटगी रोडच्या बाजूनं एक मुद्दा खरा होता: तो शहराला लागून आहे. तासाभराच्या प्रवासासाठी आधी तासभर रस्ता कोण कापणार?

पाडकामानंतरही लगेच विमान आलं नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि मुंबईचं ऑक्टोबरमध्ये.

वेळापत्रकात मुंबईला तासाभराच्या आसपास लागतो, तेव्हा लोक विचारतात, ३६० किलोमीटरला इतका वेळ कसा? जेट विमान हे अंतर पूर्ण वेगात अर्ध्या तासात कापेल. पण छापलेली वेळ विमान जागचं हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशात उतरण्यासाठीची रांगही येते. वंदे भारतला मात्र साधारण साडेसहा तास लागतात.