सराटा (गोखरू)

सराटा म्हंजेच गोखरू किंवा काटे गोखरू. रेताड, मुरमाड जमिनीत भुईला चिकटून पसरणारं झाड, शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले, शिरोळकडच्या हलक्या माळावर, नदीकाठच्या वाळूत, रस्त्याकडंला पाऊस पडला की हा उगवतो, एका मुळातनं चारी बाजूंनी फांद्या सुटतात आणि जमिनीवरच लोळत राहतात. पानं चिंचेच्या पाल्यासारखी, समोरासमोर जोडीनं येतात, नीट बघितलं तर जोडीतलं एक पान दुसऱ्यापेक्षा लहान असतं. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, दिसायला लई गोड, पण त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन मोठे काटे, आणि तुकडा कसाही पडू दे एक काटा वर राहतोच. सायकल पंक्चर होते, मेंढ्यांच्या लोकरीत अडकतो, चपलेच्या तळात रुतून गावभर फिरतो, असाच पसरतो.

नावं जवळजवळ सगळी काट्यावरनंच पडलीत. संस्कृतमधलं गोक्षुर बघा, क्षुर म्हंजे वस्तरा, क्षौर त्यातनंच आलं, म्हंजे चरणाऱ्या गाईचा पाय वस्तऱ्यागत कापणारा. बरेच जण गाईचं खूर असा अर्थ लावतात, पण जुन्या निघंटूत, म्हंजे औषधी वनस्पतींच्या कोशात, गोकंटक असंही नाव आहे म्हटल्यावर पहिलाच अर्थ जास्त पटतो. त्रिकंटक, श्वदंष्ट्रा म्हंजे कुत्र्याचा दात, आणि वनशृंगाट म्हंजे रानशिंगाडा, कारण उपासाचा शिंगाडा पण असाच शिंगं असलेला. स्वीडनचा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं 1753 मध्ये दिलेलं ट्रिब्युलस हे नाव ग्रीक त्रिबोलोसवरनं आलंय, शत्रूचे घोडे अडवायला जमिनीवर टाकायचे ते लोखंडी काटे. आपल्याकडं तसल्या काट्यांना गोखरूच म्हणायचे, दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट सुचली हे भारीच आहे.

आयुर्वेदात हा दशमुळांपैकी, म्हंजे औषधात एकत्र वापरायच्या दहा मुळांपैकी एक, लघवीच्या तक्रारीवरच्या गोक्षुरादी गुग्गुळ या औषधात मुख्य. दुकानात मोठा गोखरू म्हणून मिळतो ते पेडॅलियम म्युरेक्स, झाड पूर्ण वेगळं, त्याचा पाला पाण्यात ढवळला की पाणी बुळबुळीत होतं, त्यामुळं घेताना नुसतं गोखरू म्हणू नये, कुठला पाहिजे ते सांगावं.

शेतात आला तर फळ धरायच्या आतच भांगलणीत मुळासकट काढावा, बी मातीत बरीच वर्षं टिकतं आणि सगळं एकदम उगवत नाही. फळं धरलेला सराटा उकिरड्यावर तर टाकूच नये, शेणखतातनं परत रानात येतो.