गडी कसे वाटले, त्याची गोष्ट

मुंबईच्या गल्लीत क्रिकेट सुरू होण्याआधी गडी वाटून घेतात. दोन कॅप्टन, आळीपाळीने एकेक नाव. एक पोरगा जास्तीचा निघाला तर तो ‘कॉमन’, दोन्हीकडून बॅटिंग करणारा. वेगवेगळ्या धर्मांच्या, भाषांच्या मुलांना खेळातून जवळ आणण्याचा विषय निघाला की मला ही वाटणीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कारण याच शहरात संघ अनेक वर्षं धर्मावरून ठरत होते.

पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये ‘इतर’ (ख्रिश्चन, ज्यू वगैरे) संघाला घेऊन पंचरंगी. सामन्यांना तुफान गर्दी लोटायची. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या संघांना विरोध केला आणि १९४६ मध्ये स्पर्धा बंद पडली. मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू हे जिमखाने आजही आहेत.

त्या काळातलं बाळू पालवणकरांचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदू संघाचा मोठा आधार होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण पुण्यात खेळत असताना सहकारी पॅव्हेलियनमध्ये चहा प्यायचे आणि बाळूंचा चहा बाहेर यायचा, मातीच्या भांड्यात. संघ एक होता, पंगत नव्हती. कॅप्टनपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं, आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी जिंकली.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत पोलीस आणि वस्तीतल्या लोकांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे ही त्यातली नावं. तुटलेला संवाद जोडायला बैठकांच्या बरोबरीने क्रिकेटचे सामनेही भरवले गेले. १९९९ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या मॅजिक बस या संस्थेने वस्तीतल्या मुलामुलींसाठी खेळ हेच शिकवण्याचं साधन केलं.

नुसतं एका मैदानावर येऊन भागतं का? अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट लीग भरवून हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. समोरासमोर झुंजलेल्यांच्या बाबतीत तसा फायदा झाला नाही, उलट अंतर पडलं.

एका बाजूने खेळणं म्हणजे काय, हे चाळीतल्या कॅरमवर रोज दिसतं. डबल्सला भिडू समोर बसतो. तुम्ही राणी घेतलीत आणि तुमचं कव्हर, म्हणजे तिच्यापाठोपाठ आपली सोंगटी घेणं, हुकलं तर राणी परत बोर्डावर येते, आणि तिथून तिला काढायचं काम त्याच्याही डोक्यावर असतं.