आकडा नेमका असणं वेगळं, बरोबर असणं वेगळं

अ‍ॅक्युपंक्चरवर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंचे लोक एकच हत्यार बाहेर काढतात: मेटा-अ‍ॅनालिसिस. इतक्या चाचण्या, इतके हजार रुग्ण, सगळं एकत्र करून काढलेला निष्कर्ष, असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो. रुग्ण भरपूर, म्हणजे निष्कर्ष पक्का, असं आपण धरूनच चालतो. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आलेला आकडा किती नेमका आहे, ही एक गोष्ट. तो बरोबर आहे का, ही दुसरी. अभ्यास एकत्र केल्याने पहिली सुधारते. दुसरी सुधारेलच असं नाही.

आधी पहिलीबद्दल. समजा कंबरदुखीच्या चाळीस रुग्णांवर चाचणी केली; वीस जणांना सुया, वीस जणांना नाही. चिठ्ठ्या टाकूनच गट पाडले, तरी ज्यांचं दुखणं एरवीही कमी होणार होतं असे चार जण योगायोगाने सुयांच्या गटात जाऊ शकतात. पुढच्या चाचणीत ते उलट्या गटात जातील. ही चूक दोन्ही दिशांना होते, म्हणून बऱ्याच चाचण्या एकत्र केल्या की ती आपापसात कटते. रुग्ण चौपट झाले की अनिश्चिततेचा पट्टा साधारण निम्मा होतो. १९०४ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने टायफॉइडच्या लशीबद्दल भारतातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश सैनिकांचे आकडे एकत्र केले ते याचसाठी: सुटे गट इतके लहान होते की त्यांच्यावरून ठाम काही सांगताच येत नव्हतं. ही ताकद खरी आहे, तिला कमी लेखू नये.

दुसरी चूक अशी कटत नाही, कारण ती एकाच दिशेला झुकलेली असते. तराजूला पासंग असेल तर त्याच तराजूवर शंभर वेळा वजन करून सरासरी काढली तरी पासंग सरासरीत तसाच उतरतो. उलट शंभर वेळा जवळपास तेच वजन आलं म्हणून आपला त्यावरचा विश्वास मात्र वाढतो. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये हाच धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो.

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये हा पासंग कुठून येतो? गोळीच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी दिसायला सारखी करता येते. देणाऱ्यालाही कळत नाही. सुईचं तसं नाही. १९९८ साली जर्मनीत स्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्त्स यांनी एक खोटी सुई मांडली. तिचं टोक बोथट असतं आणि दाबल्यावर ती स्वतःच्याच मुठीत सरकते. रुग्णाला हलकी टोचणी जाणवते, सुई आखूड झालेली दिसते, आणि ती आत गेली असंच वाटतं. कल्पना फार हुशारीची आहे. पण सुई धरणाऱ्याला तर ठाऊकच असतं की आपण काय करतोय. त्याचा आवाज, त्याने दिलेला धीर, रुग्णाजवळ घालवलेला वेळ, यांतून नकळत काही ना काही पोचतं. शिवाय दुखणं मोजायला यंत्र नाही, रुग्ण सांगेल तो आकडा. म्हणजे फट दोन्हीकडून राहते.

आणखी एक पासंग छापखान्यात पडतो. १९९८ सालीच संशोधक अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी देशवार हिशेब मांडला. त्यांनी तपासलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्यांपैकी चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधल्या झाडून सगळ्या अनुकूल निघाल्या होत्या. कितीही चांगला उपाय घेतला तरी चाचण्या एकदाही अपयशी ठरत नाहीत, असं योगायोगाच्या नियमाने जवळजवळ अशक्यच. प्रतिकूल निकाल कुठेतरी अडले, किंवा चाचण्याच सैल होत्या. अशा गठ्ठ्याची सरासरी काढली की ती नेमकी येते, आणि चुकीचीही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आयव्हीएफचं. २००८ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात सात चाचण्यांचं, १,३६६ स्त्रियांचं मेटा-अ‍ॅनालिसिस आलं. गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या सुमारास अ‍ॅक्युपंक्चर दिलं तर गर्भधारणेचा ऑड्स रेशो (गर्भधारणा होण्या-न होण्याच्या प्रमाणाची दोन गटांतली तुलना; १ म्हणजे फरक नाही) १.६५, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अनिश्चिततेचा पट्टा, १.२७ ते २.१४. पट्ट्याचं खालचं टोकसुद्धा १ च्या वर, म्हणजे सांख्यिकीच्या कसोटीवर निकाल स्वच्छ. काही चाचण्यांत तुलना खोट्या सुयांशी होती, काहींत सुया अजिबात न घेणाऱ्यांशी. मग २०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली एकच मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ८४८ स्त्रिया, समोर खोट्या सुया, आणि मोजलं ते थेट जिवंत बाळाचा जन्म. खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के, खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. फरक जवळजवळ नाहीच.

आयव्हीएफच्या फेऱ्यांतून जाणारं जोडपं आशेच्या कुठल्याही धाग्याला धरतं, पैसेही मोजतं. त्यांच्यासमोर १.६५ हा आकडा ठेवताना त्याचा पट्टा किती अरुंद आहे एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, पण तो उपचार कोणी करावेत याची व्यवस्था लावतो; कोणत्या दुखण्यावर त्यांचा किती उपयोग होतो, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

म्हणून सगळीच मेटा-अ‍ॅनालिसिस टाकाऊ, असंही मी म्हणणार नाही. व्हिकर्स यांच्याच गटाचं जुनाट दुखण्यांवरचं २०१२ सालचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी छापील सरासऱ्या न घेता २९ चाचण्यांमधल्या १७,९२२ रुग्णांचा मूळ डेटा मिळवला, आणि ज्यांत गटवाटप नीट झाकलेलं होतं, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे आधी कोणाला कळत नव्हतं, अशाच चाचण्या घेतल्या. अर्थ समजावताना त्यांनी दिलेलं उदाहरण असं: शंभरपैकी ६० इतक्या दुखण्याने सुरुवात केली, तर अ‍ॅक्युपंक्चर न घेणारे ४३ वर येतील, खोट्या सुया घेणारे ३५ वर आणि खऱ्या सुया घेणारे ३० वर.

हे तीन आकडे सावकाश वाचावेत. ४३ वरून ३० म्हणजे तेरा गुणांचा दिलासा, आणि रोज दुखणं सोसणाऱ्याला तो छोटा नाही. पण त्यातले आठ गुण खोट्या सुयांनीही मिळतात. खऱ्या सुयांच्या वाट्याला पाच उरतात. व्हिकर्स यांच्या मते हा फरक लहान असला तरी खरा आहे. त्याआधी, २००९ साली, डेन्मार्कमधल्या मॅडसन, गॉट्शे आणि ह्रोब्यार्टसन यांनी १३ चाचण्या एकत्र केल्या; खऱ्या-खोट्या सुयांमधला फरक रुग्ण आपलं दुखणं जिच्यावर खूण करून सांगतो त्या शंभर मिलिमीटरच्या पट्टीवर सुमारे ४ मिलिमीटर आला. त्यांचं म्हणणं, एवढा फरक निव्वळ बायसमुळे, म्हणजे पासंगामुळेही पडू शकतो. म्हणजे दोघांचे आकडे जवळपास सारखे, नेमकेपणाबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते पासंग किती धरायचा यावर. माझा कल डॅनिश गटाकडे आहे, कारण सुई धरणाऱ्यापासून काही लपवता येत नाही तोवर चार-पाच गुणांचा फरक सुईच्या नावावर टाकायला माझं मन धजत नाही. पण ज्यांना वाटतं की बोथट टोकाचा स्पर्शही शरीरावर काही परिणाम करतो, म्हणून खोटी सुई ही खरी तुलनाच नव्हे, त्यांचा मुद्दा निव्वळ आकड्यांनी खोडता येत नाही.

कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस केली आणि २०१६ साली ती काढून घेतली. तेरा गुणांकडे पाहिलं की शिफारस करावीशी वाटते, पाच गुणांकडे पाहिलं की काढून घ्यावीशी वाटते, आणि २०१६ च्या समितीने खोट्या सुयांशी झालेल्या तुलनेला वजन दिलं. मायग्रेन टाळण्यासाठीची शिफारस मात्र 'नाइस'ने कायम ठेवली आहे.