‘मनोसामाजिक’ हा शब्द आला कुठून

हल्ली पूर आला किंवा दरड कोसळली की दोन दिवसांत बातमी येतेच, समुपदेशकांची टीम रवाना. हे इतकं सवयीचं झालंय की यामागे कितीतरी वर्षांची भांडणं आहेत हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आणि ती भांडणं बरीचशी ‘मनोसामाजिक’ या एका शब्दावरून झाली, म्हणून आज त्या शब्दावरच जास्त लिहितोय.

फार मागे जात नाही. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये गॅस सुटला, त्यानंतर तिथल्या दवाखान्यांत येणाऱ्यांची तपासणी केली तर साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार निघाला. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, म्हणून तिथल्या साध्या डॉक्टरांनाच ट्रेनिंग दिलं गेलं. आपल्या देशातल्या या कामाची गोष्ट बरेच जण तिथूनच सुरू करतात.

मला जास्त माहितीये तो किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. घरं वाटली ती जमिनीच्या हिशोबाने, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुन्या गल्ल्या मोडल्या, सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, शेजार बदलला. कागदावर हा विषय बांधकामाचा, मनाशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा फार कोणाच्या डोक्यात नव्हतं. आमच्या नात्यातली एक मावशी पक्क्या घरात ज्वारीची पोती ठेवायची आणि स्वतः कितीतरी वर्षं अंगणात पत्र्याखाली झोपायची, पावसातसुद्धा. तिला कोणी आजारी म्हणालं नाही, "धसका घेतलाय" एवढंच म्हणायचे.

आता ही मावशी पेशंट की नाही? जगभरचं भांडण नेमकं हेच होतं. एका बाजूला आरोग्यवाले. त्यांचं म्हणणं असं की डिप्रेशन, सायकोसिस (म्हणजे वास्तवाचं भान सुटणं) हे खरे आजार आहेत, गोंधळात लोकांच्या चालू गोळ्या बंद पडतात, तिकडे बघा. हे लोक ‘मानसिक आरोग्य’ म्हणायचे. दुसरी बाजू म्हणायची की भयंकर गोष्ट घडल्यावर माणूस हादरणारच, त्याला पेशंट करू नका, शाळा सुरू करा, काम द्या, मेलेल्यांचं क्रियाकर्म नीट करू द्या. यांचा शब्द ‘सायकोसोशल’, म्हणजेच आपला ‘मनोसामाजिक’, मन आणि भोवतालची माणसं दोन्ही धरून. दोघांचे फंड वेगळे, मीटिंगा वेगळ्या, एकाच छावणीत दोन टीम आणि बोलणं बंद.

हे उघडं पडलं ते २००४ च्या त्सुनामीनंतर. श्रीलंकेत बाहेरून समुपदेशकांची रीघ लागली, भाषा येत नाही, आठवड्याभरात परत जायचंय, आणि लोकांना एका बैठकीत सगळं बोलायला लावायचं. ही एका बैठकीची पद्धत मुळात अग्निशमन दलासारख्या आपत्कालीन सेवांतल्या माणसांसाठी निघालेली, आणि ती उपयोगी पडत नाही, काहींना उलट त्रासच होतो, हे तोवर अभ्यासांतून बाहेर आलं होतं. तरी ती चालूच.

मग २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांच्या एका सामायिक समितीने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि वाद मिटवला तो दोन्ही शब्द ‘आणि’ने जोडून. मानसिक आरोग्य आणि मनोसामाजिक आधार. सोबत चार थरांचा पिरॅमिड, तळाला अन्न, निवारा, सुरक्षितता आणि तीही माणसाचा मान राखून, त्यावर कुटुंब आणि गाव, मग थोडी विशेष मदत, आणि अगदी टोकाला डॉक्टर. म्हणजे छावणीत संडास कुठे बांधला, बाईला रात्री तिथे जायला भीती वाटते का, हाही याच विषयात आला. मला हे फार पटतं.

न पटणारं एकच. या कामाला स्वतःचा वेगळा विभाग दिला नाही, आरोग्य, लोकांची सुरक्षितता, शिक्षण बघणाऱ्या सगळ्यांनी थोडं थोडं करायचं असं ठरलं. बाजू घेणारे म्हणतात वेगळा विभाग केला असता तर बाकीच्यांनी हात झटकले असते, खरंही असेल, पण सगळ्यांचं काम म्हणजे बजेटच्या वेळी कोणाचंच नाही, हे कुठल्याही ऑफिसात बसलेला माणूस सांगेल.

आपल्याकडे २००९ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या आणि सरकारी मराठीत ‘मनोसामाजिक’ रुळला. पण बोलताना त्याचं पटकन ‘समुपदेशन’ होतं, आणि पिरॅमिडचे खालचे दोन थर गायब. ‘ट्रॉमा’ (मनावरचा खोल आघात) हा शब्द सरसकट सगळ्यांना लावू नका असं २००७ मध्येच सांगून झालंय, मराठी चॅनेलांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

पुढचं भराभर झालं. २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक, त्याचं सूत्र बघा, ऐका, जोडून द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही हेल्पलाइन. त्याच वर्षी किमान सेवा कोणत्या हव्यात याचं जागतिक पॅकेज. आणि मे २०२४ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत सदस्य देशांनी या विषयावर ठराव केला, त्याच्या नावातही तो जोडशब्द तसाच आहे, मधल्या ‘आणि’सकट.