ऑस्प्रेची वीण

ऑस्प्रे (पँडिऑन हॅलिएटस) हा जवळजवळ केवळ माशांवर जगणारा शिकारी पक्षी. महाराष्ट्रात तो उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांवर हिवाळी पाहुणा म्हणून येतो, पण इथे वीण करत नाही. त्याचा संसार उत्तरेकडच्या प्रदेशांत चालतो. स्कॉटलंडमधील त्याची वीण विशेष अभ्यासली गेली आहे.

पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून नर-मादी वेगवेगळे परततात आणि मार्च-एप्रिलमध्ये जुन्याच घरट्यावर भेटतात. घरटे पाण्याजवळच्या पाइनच्या शेंड्यावर, खांबावर किंवा माणसाने बांधून दिलेल्या मचाणावर असते. दरवर्षी काटक्यांची भर पडून ते मीटरभराहून रुंद होते. आत शेवाळ, गवत, सालपटे अंथरतात. मासेमारीचा टाकून दिलेला नायलॉन दोराही पक्षी उचलून आणतात. त्यात पाय अडकून पिल्ले मरतात, आणि हा धोका सर्वस्वी माणसाने निर्माण केलेला आहे.

मादी साधारण तीन अंडी एक-दोन दिवसांच्या अंतराने घालते. सुमारे 37 दिवस मुख्यतः तीच ती उबवते. या काळात नर तिला मासे पुरवतो. बहुधा डोक्याकडचा भाग आधी स्वतः खाऊन उरलेला मासा घरट्यावर आणतो. मादी खायला उठली की तो अंड्यांवर बसतो.

अंडी उबवणे पहिल्या अंड्यापासूनच सुरू होत असल्याने पिल्ले एकदम बाहेर पडत नाहीत. मादी माशाचे बारीक तुकडे तोडून एकेकाच्या चोचीत देते. मासे कमी पडले की थोरले धाकट्याला टोचून मागे सारते आणि धाकटे अनेकदा दगावते. मादीने धोक्याची शीळ घातली की पिल्ले घरट्यात सपाट पडून राहतात. पाठीवरच्या फिक्या पट्ट्यामुळे ती काटक्यांत मिसळून जातात. सात-आठ आठवड्यांत ती उडू लागतात. मादी आधी दक्षिणेकडे निघते, नर काही काळ मागे राहून त्यांना भरवतो. पुढचा आफ्रिकेपर्यंतचा प्रवास प्रत्येक पिल्लू एकट्याने, कोणी वाट न दाखवता करते.

ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीशी झालेली ही वीण 1954 मध्ये स्कॉटलंडमधील लॉख गार्टन या तळ्याजवळ पुन्हा सुरू झाली. 1958 मध्ये चोराने रात्री घरट्यातली अंडी पळवून तिथे कोंबडीची रंगवलेली अंडी ठेवली. पुढच्या वर्षी कडक पहाऱ्यात तीन पिल्ले उडाली. आरएसपीबी या ब्रिटनमधील पक्षीसंरक्षण संस्थेने ते घरटे लोकांना पाहायला खुले केले, हा निर्णय त्या काळी धाडसाचाच होता. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत. 1972 च्या बंदीनंतर तिथली संख्या सावरली.