भाषांतरकारांच्या घरातलं तुरीय यंत्र

कोपर्निकसचा प्रसिद्ध ग्रंथ 1543 साली छापला गेला. पृथ्वीचा आस किती कललेला आहे, हे पूर्वीच्या कोणी किती मोजलं याचा आढावा घेताना त्यात ‘प्रोफेशियस ज्यू’ असं एक नाव येतं. त्याचा आकडा साधारण 23 अंश 32 कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). आज हा कल 23 अंश 26 कला आहे आणि तो दर शतकाला सुमारे 47 विकलांनी कमी होतो. उलटा हिशेब केला, तर 1300 च्या सुमाराचं उत्तर 23 अंश 32 कलाच येतं! दुर्बीण यायला अजून तीनशे वर्षं होती.

या प्रोफेशियसचं खरं नाव याकोव बेन माखिर इब्न तिब्बोन. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला हा विद्वान ज्या घराण्यातला, त्याचा पिढीजात उद्योग मात्र भाषांतराचा.

मूळ पुरुष यहूदा, पेशाने वैद्य. जन्म सुमारे 1120, गाव स्पेनमधलं ग्रानादा. अल्मोहाद या मुस्लिम घराण्याच्या राजवटीत ज्यूंचा छळ सुरू झाला त्या काळात तो देश सोडून फ्रान्समधल्या ल्युनेलला आला. तिथले ज्यू विद्वान हिब्रूत पारंगत, पण स्पेनमधल्या ज्यूंनी धर्म आणि तत्त्वज्ञानावर लिहिलेली पुस्तकं अरबीत. ती यांना वाचता येईनात. यहूदाने 1161 मध्ये बह्या इब्न पाकुदाच्या नीतिग्रंथापासून सुरुवात केली आणि पुढची पंचवीस वर्षं एकेक ग्रंथ हिब्रूत आणला.

मुलगा शमुएल याच्यासाठी त्याने लिहून ठेवलेलं उपदेशपत्र आजही वाचायला मजा येते. आळशीपणा, वळण नसलेलं अरबी अक्षर, शिक्षकांवर खर्च केलेला पैसा, सगळं त्यात निघतं. पण त्याचा खरा जीव पुस्तकांत. हिब्रू पुस्तकं दर महिन्याला तपासायची, अरबी दोन महिन्यांनी, बांधलेले ग्रंथ तीन महिन्यांनी. कपाटांवर चांगले पडदे टाकायचे, ओल आणि उंदीर लागू द्यायचे नाहीत. ज्याला विकत घेणं परवडत नाही त्याला पुस्तक जरूर द्यायचं, पण परत करणाराच असेल तर. आणि पुस्तक घराबाहेर जाण्याआधी त्याची नोंद करायची. वर्षातून दोनदा, ठरलेल्या सणांना, सगळी उसनी पुस्तकं परत मागवायची. आपल्याकडच्या कुठल्याही ग्रंथपालाला हे पटेल.

बोलणी खाल्लेला हा शमुएल बापाच्या वरचढ निघाला. इजिप्तमध्ये राहणारा ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस याचा तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ त्याने 1204 मध्ये हिब्रूत पूर्ण केला. शंका विचारायला भेटीला येऊ का, असं त्याने कळवलं होतं. मायमोनिडीसने 1199 च्या उत्तरात दिनक्रमच मांडला: सकाळी कैरोला दरबारात, दुपारी घरी यावं तर ओसरी रुग्णांनी भरलेली, रात्री थकून आडवं पडूनच औषधं सांगायची. थोडक्यात, येऊ नकोस. मात्र शब्दाला शब्द लावू नको, आधी अर्थ समजून घे, हा सल्लाही त्याने दिला. मग 1210 च्या सुमारास शमुएलने ॲरिस्टॉटलचं पाऊस, वारा, भूकंप यांवरचं पुस्तक हिब्रूत आणलं. हिब्रूत आलेलं ॲरिस्टॉटलचं हे पहिलंच पुस्तक. जड माती खाली आणि तिच्याभोवती पाणी असं असेल, तर सगळी जमीन बुडालेली का नाही, या प्रश्नावर त्याने स्वतंत्र प्रबंधही लिहिला. सुरुवात धर्मग्रंथातल्या ओळीची, शोध मात्र नैसर्गिक कारणांचा. शमुएलचा मुलगा मोशे याने 1270 मध्ये युक्लिडची भूमिती हिब्रूत आणली. वैद्यकाची पुस्तकं तर कितीतरी.

याकोवही भाषांतरं करत होता, पण तो तिथे थांबला नाही. त्या काळी आकाश मोजायला ॲस्ट्रोलेब वापरत: पितळेची गोल तबकडी, तिच्यावर फिरणारी ताऱ्यांची जाळी. यंत्र महाग आणि बनवायला किचकट. याकोवने त्या तबकडीवरच्या रेषा पोळीची चौघडी घालावी तशा दोनदा दुमडून पाव वर्तुळात बसवल्या. हेच तुरीय यंत्र, म्हणजे क्वाड्रंट. जाळीच्या जागी आला एक दोरा. चौथाईच्या काटकोनी टोकाला तो बांधलेला, खाली ओळंबा, मध्ये सरकणारा मणी. एका सरळ कडेवर दोन छिद्रं असत. पहिल्यातून आलेला सूर्यकिरण दुसऱ्यावर पडेपर्यंत यंत्र तिरपं करायचं. ओळंब्यामुळे दोरा सरळ खालीच लोंबतो, म्हणून यंत्र जितकं तिरपं तितके अंश तो कमानीवर दाखवतो: तीच सूर्याची उंची. मग तारखेनुसार मणी लावला की कोरलेल्या रेषांवरून वेळ काढता येते. मला यातली खुबी वाटते ती ही, की फिरणारा धातूचा भाग उरलाच नाही. यंत्राची माहिती 1290 च्या सुमारास लॅटिनमध्ये गेली आणि युरोपभर पसरली.

घरच्या आघाडीवर मात्र भांडण पेटलं होतं. ग्रीक विद्येने तरुण बिघडतात, म्हणून 1305 मध्ये बार्सिलोनाच्या शलोमो बेन आद्रेत या धर्मगुरूंनी पंचवीस वर्षांखालच्यांना ती शिकण्यास बंदी घातली; वैद्यक तेवढं वगळलं. माँपेलिएत या चळवळीला विरोध करणाऱ्यांत याकोव पुढे होता. त्याच सुमारास तो वारला, आणि 1306 मध्ये फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने ज्यूंना राज्यातून हाकललं. वाद मिटायच्या आत वाद घालणारेच परागंदा झाले. याकोवच्या रचनेवर बेतलेलं, 1388 च्या सुमाराचं एक छोटं पितळी यंत्र 2005 साली इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या उत्खननात सापडलं. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.